चहा नाकारताना काय बोलावं

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपला सकाळी दहाला आणि दुपारी चारला चहा येतो. किटलीवालं पोरगं प्रत्येक लेथपाशी थांबतं. बंगळूरची नोकरी सोडून मी इथं कामाला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी कपावर हात आडवा धरला. मी ज्या ख्रिस्ती चर्चचा आहे त्याला लोक मॉर्मन चर्च म्हणतात, आणि आमच्यात चहा घेत नाहीत. शेजारच्या मशीनवरचे मामा म्हणाले, "का रं, आमच्या हातचा चालत नाही व्हय?" मी तिथंच उभ्या उभ्या १८३३ सालापासून सुरुवात केली. आमचं चर्च स्थापन करणाऱ्या जोसेफ स्मिथला मिळालेला आरोग्याचा नियम, वर्ज्य असलेली दारू, तंबाखू, चहा, कॉफी, सगळं. मामांचा चहा संपला, ते मशीनकडं वळले आणि पुढचा आठवडाभर कामापुरतंच बोलले.

मामांनी धर्म विचारलाच नव्हता. 'तू आम्हाला परका समजतोस का' एवढंच त्यांना हवं होतं. आपल्या श्रद्धेबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर देण्याआधी हे ओळखायचं. बहुतेक वेळा वरचा प्रश्न एक असतो आणि पोटातला दुसरा. पोटातल्याचं उत्तर आधी द्या.

मग मी मामांना म्हटलं, "मामा, चहा सोडलाय, माणसं नाही सोडली. माळकरी कसा दारूला शिवत नाही, तसंच हे. संध्याकाळी दूध कट्ट्यावर चला, मी पाजतो." गंगावेशीत म्हशीची धार समोरच काढतात. फेसाचा ग्लास हातात घेऊन मामांनी आपणहून विचारलं, "ते तुमचं नेमकं काय हाय?" तेव्हा १८३३ सांगायला हरकत नव्हती.

माळेचं उदाहरण मात्र दार उघडण्यापुरतंच वापरा. 'म्हणजे आपलं सगळं एकच' असं म्हणून मोकळं होऊ नका, ते माळकऱ्यावरही अन्याय करणारं आहे. आम्ही मटण खातो, पांढरा रस्सा मी दोन वाट्या जास्तच ओढतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो, पण त्याला साबुदाणा नाही की पाणीही नाही. दोन जेवणं सोडायची आणि त्या जेवणांचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. हे ऐकून इथली माणसं गप्प होतात आणि मग मनापासून विचारायला लागतात. उपवास कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न वर्कशॉपमधल्या एका पोरानं विचारला. "दादा, तुमच्यात चार-चार बायका करतात म्हणे?" मी तोडून टाकलं, "साफ खोटं आहे." रात्री त्यानं मोबाईलवर वाचलं आणि सकाळी सगळ्यांसमोर स्क्रीन माझ्यापुढं धरली. त्या दिवशी मी खोटारडा ठरलो, आणि बरोबरच ठरलो. तेव्हापासून मी जे खरं आहे ते आधी कबूल करतो. एकोणिसाव्या शतकात आमच्यात बहुपत्नीत्व होतं. जोसेफ स्मिथनंही एकापेक्षा जास्त लग्नं केली होती. १८९० साली तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी ते थांबवण्याचं जाहीर केलं, पण लगेच सगळं थांबलं नाही, १९०४ मध्ये पुन्हा सक्त ताकीद द्यावी लागली. आज कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढतात. अजून अनेक बायका करणारे जे लोक व्हिडिओत दिसतात ते वेगळे गट आहेत, त्यांचा आमच्या चर्चशी संबंध नाही. एवढं मी दोन मिनिटांत सांगतो आणि थांबतो. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत याजकपद मिळत नव्हतं, हेही कुणी विचारलं तर मी झाकत नाही. सांगताना मला त्रास होतो, आणि तो चेहऱ्यावर दिसला तर दिसू द्यावा.

"या चर्चमध्ये जायला किती पैसे मिळाले?" हा प्रश्नही येतो. राग गिळायचा. उलट मीच उत्पन्नाचा दहावा भाग देतो, हे शांतपणे सांगायचं. आमच्या स्थानिक मंडळीत पगारी पाळक नसतो. बंगळूरला आमच्या मंडळीचा प्रमुख आठवडाभर स्वतःची नोकरी करायचा आणि रविवारी सभा चालवायचा. काहीजण आम्हाला घोडागाडीवाले समजतात. ते आमिश, वेगळा ख्रिस्ती पंथ, आम्ही नव्हे. आणि मॉर्मन हे आमच्या ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं नाव आहे. आमच्या चर्चचं नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावच वापरा असं सांगितलं. पण समोरचा सहज 'मॉर्मन' म्हणाला तर मी त्याला टोकत नाही. स्वतः बोलताना पूर्ण नाव घेतो, मग हळूहळू तोही घेतो.

घरच्यांचं निराळं. आमची आजी इथल्या वायल्डर मेमोरियल चर्चला जायची, आत्या अजून जाते. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले, तेव्हापासूनची ही इथली जुनी ख्रिस्ती माणसं. त्यांना मी नवं काय सांगणार? आत्यानं पहिल्या भेटीत विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती तरी राहिलात का रे?" आवाज कापत होता तिचा. अशा वेळी वचनांची लढाई सुरू करू नका. मी एवढंच म्हणालो, "आत्या, येशूच माझा तारणारा. प्रार्थना त्याच्याच नावानं करतो." मग फरकही सांगितले, कारण ते लपवले असते तर पुढं तिला फसवल्यासारखं वाटलं असतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं वेगळे, पण एकमतानं काम करणारे, असं आम्ही मानतो. बायबलबरोबर मॉर्मनचा ग्रंथही शास्त्र मानतो. प्रभुभोजनात द्राक्षारसाऐवजी पाणी घेतो. त्यावर ती म्हणाली, "मला हे पटत नाही." मी म्हटलं, "न पटू दे. तू विचारलंस हेच मला मोठं आहे."

कुणाकडं जायचं असेल तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा, म्हणजे उकळलेला चहा यजमानांना परत न्यावा लागत नाही. आत्याच्या अंगणात गवती चहाचं बेट आहे. ती चार पाती कापते, गाठ मारून पातेल्यात टाकते, आलं ठेचते आणि गुळाचा खडा घालते. चहा पावडर नसली की तो मला चालतो. आता मी दारात दिसलो की ती आतूनच ओरडते, "पावडर नाही घातली रे!" त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव की वेगळे यावरून, अजून आमचं जमत नाही. पण ताटं वाढली की जेवणाआधीची प्रार्थना ती मलाच करायला लावते.