रेसिंगसाठी गाडी घेऊ नका, आधी पार्किंग लॉटमध्ये या

अमेरिकेत नोकरीला लागलेली आपली मुलं मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: रेसिंगला कुठली गाडी घेऊ? कुठलीच नको. ऑफिसला नेता तीच कोरोला किंवा सिविक आणा. फक्त उंच एसयूव्ही नको, उलटण्याच्या भीतीने त्या बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

सुरुवात करायची ती ऑटोक्रॉसने. मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन (रस्त्याच्या कामाजवळ ठेवतात तसले शंकू) मांडून वेडावाकडा रस्ता आखतात. त्यातून एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत असते ती घड्याळाशी. एक फेरी साधारण मिनिटभराची, आणि दिवसभरात अशा चार-सहा मिळतात. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या शाखा ठिकठिकाणी असे रविवार भरवतात. क्लबानुसार फी बदलते, पण दोघांनी बाहेर नीट जेवायला जितके पैसे जातात, साधारण तेवढ्यात दिवस निघतो.

हेल्मेटला स्नेलचं, म्हणजे हेल्मेट तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं, स्टिकर हवं. भारतातून आणलेलं आयएसआयचं किंवा नुसतं ‘डॉट’ (अमेरिकी सरकारच्या वाहतूक खात्याचं मानक) लिहिलेलं चालत नाही. विकत घ्यायची घाई मात्र करू नका, बऱ्याच क्लबांकडे तिथल्या तिथे वापरायला मिळतं. सकाळी गाडीची तपासणी होते. पायाखालची मॅट, डिकीतलं सामान, कपहोल्डरमधली बाटली असं सगळं आधीच काढून ठेवा. बॅटरी हलत नाही ना, चाकांचे नट घट्ट आहेत ना, ब्रेकचं पेडल कडक लागतंय ना, हे घरीच बघून निघा. आणि तुमची विमा पॉलिसी काढून वाचा. स्पर्धेतलं नुकसान बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत.

मग ट्रॅक पायी फिरायला देतात, आणि माझ्या मते निम्मी शर्यत इथेच होते. नवखी मुलं गप्पा मारत एक चक्कर टाकतात आणि गाडीत जाऊन बसतात. तसं करू नका. दुसरी चक्कर एकट्याने मारा, मधूनमधून खाली बसून सीटच्या उंचीवरून बघा, कारण उभ्याने सरळ दिसणारा रस्ता खालून नुसती कोनांची गर्दी वाटतो. उभ्या कोनाशेजारी एखादा आडवा पडलेला दिसेल. त्याचं टोक ज्या दिशेला, त्या बाजूने जायचं. समोरच्या कोनाकडे बघत राहिलात तर हमखास त्याच्यावरच जाल, म्हणून नजर त्याच्या पुढच्यावर हवी. कोन पाडलात की २ सेकंद वाढतात, वाट चुकलात तर फेरीच बाद. इथे निकाल सेकंदाच्या दशांशावर लागतात, तेव्हा २ सेकंद म्हणजे फार झाले.

अनुभवी ड्रायव्हरला शेजारी बसवून घ्या. नुसतं विचारायचं असतं, लोक आनंदाने येतात. पुण्यात कॉलेजच्या बाहा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) असलेल्यांनीसुद्धा विचारावं. गाडी बांधता येणं वेगळं आणि ती हाकता येणं वेगळं.

आपल्या फेऱ्या नसतील तेव्हा ट्रॅकवर काम करावं लागतं, ते टाळू नका. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती चौकोन आखलेला असतो. कोन उभा असून चौकोनाला टेकलेला असेल तर दंड नाही, आडवा पडला किंवा पुरता बाहेर गेला तर आहे. ते बघून रेडिओवर गाडीचा नंबर सांगायचा आणि धावत जाऊन कोन जागेवर ठेवायचा. तिथे उभं राहिलं की चांगला ड्रायव्हर किती आधी ब्रेक सोडतो ते दहा पावलांवरून दिसतं.

पहिल्या हंगामात पैसे घालायचेच असतील तर ब्रेक पॅड आणि टायरमध्ये घाला. इंजिनच्या ट्यूनिंगला हात लावू नका, गाडी वरच्या क्लासमध्ये (जास्त बदल केलेल्या गाड्यांच्या गटात) ढकलली जाते आणि तुमची गाठ मुरलेल्या लोकांशी पडते.

पुढे खऱ्या ट्रॅकवर चाकाला चाक लावून पळायचं असेल तर ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ आहे. ५०० डॉलरच्या गाड्यांची ही लांब पल्ल्याची स्पर्धा २००६ पासून चालते. पण तो आकडा ऐकून हुरळू नका. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा), सीट, पट्टे, अग्निरोधक सूट यांचा खर्च त्या ५०० मध्ये धरलेला नसतो आणि तो गाडीच्या कित्येक पट होतो. म्हणून चार-पाच जण मिळून उतरतात. आधी एखाद्या टीममध्ये टायर बदलायला, पेट्रोल भरायला जा. कोणाशी पटतं, कोण वेळेवर पैसे देतो, हे तिथे एका वीकेंडात कळतं.