नवा मराठी चित्रपट सोमवारच्या आत कसा गाठायचा

मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो आणि रविवारी रात्रीपर्यंत त्याचं पुढचं बरंचसं ठरून गेलेलं असतं. सोमवारी मल्टिप्लेक्सवाले तीन दिवसांचे आकडे घेऊन बसतात, येत्या शुक्रवारच्या नव्या चित्रपटांना किती शो द्यायचे ते मांडतात आणि ज्याच्या खुर्च्या रिकाम्या गेल्या त्याचे शो कापतात. ‘पुढच्या आठवड्यात निवांत बघू’ म्हणणाऱ्याला मग ॲपवर एकच शो उरलेला दिसतो, तोही सकाळी साडेनऊचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून चित्रपट बघायचा की नाही, हे शुक्रवार उजाडायच्या आत ठरवावं लागतं. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती आधीच मिळते, फक्त ती नीट वाचता यायला हवी.

आधी तारीख बघा

पोस्टरवर सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे तारीख. त्या दिवशी आणखी काय लागतंय, ते शोधा. १ मे २०२५ ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय’ एकाच दिवशी आले आणि शेजारी हिंदीतला ‘रेड २’ होता. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट एकमेकांसमोर उभे राहिले. १८ जुलै २०२५ ला ‘येरे येरे पैसा ३’ आला, त्याच दिवशी ‘सैयारा’ लागला आणि हिंदीची गर्दी बघून मराठीचे शो कमी झाल्याची ओरड थेट राजकीय नेत्यांपर्यंत गेली.

यातून एक नियम करून ठेवा: एकाच शुक्रवारी दोन-तीन मराठी चित्रपट असतील, तर ज्याला कमी शो मिळालेत तो आधी बघा. मोठा दुसऱ्या आठवड्यातही सापडतो, लहान बहुधा सापडत नाही. आणि त्याच दिवशी मोठा हिंदी चित्रपट असेल, तर मराठीसाठी शनिवारची दुपार गाठा. रविवार संध्याकाळच्या भरवशावर राहिलात, तर तोवर तो शो हिंदीकडे गेलेला असू शकतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती आणली, पण वादानंतर त्या प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. म्हणजे भर कामाच्या दिवशी दुपारी १२ चा शो लावला तरी नियम पाळला जातो. त्यामुळे शोंच्या संख्येवर जाऊ नका, वेळा बघा. नोकरदार माणसाला जमेल असे शो म्हणजे रोज संध्याकाळी ६ ते ८ मध्ये सुरू होणारे आणि शनिवार-रविवारचे दुपारचे. असे किती आहेत, तेच मोजा.

आधीपासून डायरीत नोंदवण्यासारखे काळही आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस, आयपीएलच्या संध्याकाळी आणि गणपतीचे दहा दिवस घरचा प्रेक्षक बाहेर पडत नाही, म्हणून या काळात लागलेला चांगला चित्रपट फार लवकर उतरतो. महाराष्ट्र दिनाला मात्र मोठ्या निर्मात्यांचीही पसंती असते. ‘राजा शिवाजी’साठी १ मे २०२६ हीच तारीख जाहीर झाली होती. अशा चित्रपटाच्या मागच्या-पुढच्या आठवड्यात येणाऱ्या छोट्या चित्रपटांवर विशेष लक्ष ठेवा.

ट्रेलर दोनदा बघा

पहिल्यांदा नेहमीसारखा बघा. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, शक्यतो डोळे मिटून ऐका.

संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित केले असतील, तर अंगणातलं बोलणं अंगणातलं वाटतं आणि स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरातलं. सगळीकडे आवाज सारखाच, कोरडा आणि तोंडाजवळून आल्यासारखा वाटला, तर डबिंग घाईने उरकलंय असं समजा. डबिंग हा दोष नाही, घाई हा दोष आहे. पार्श्वसंगीत मिनिटभरही थांबत नसेल तर सावध व्हा, कारण प्रसंग स्वतःच्या पायावर उभे राहतील याची खात्री बनवणाऱ्यांनाच नसावी.

मग घड्याळ लावा. अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये दोन माणसांचं सलग आठ-दहा सेकंदांचं एक तरी संभाषण आहे का? नसेल, तर अभिनयाबद्दल काहीही ठरवता येत नाही. असेल, तर बोली ऐका. गाव साताऱ्याकडचं आणि भाषा सदाशिव पेठेतली, असं झालं की पुढचे दोन तास तेच खटकत राहतं. याउलट मार्च २०२५ मध्ये लागलेला जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ घ्या. विदर्भातलं गाव, तिथलीच माणसं, तिथलंच बोलणं. मुलगी बघायला आलेल्यांचे तेच ते प्रश्न त्या बोलीत कानावर पडले की हे बाहेरून बघून रचलेलं नाही, हे लगेच कळतं.

शेवटची पाटी थांबवून वाचा. नटांची नावं सगळेच वाचतात. तुम्ही पटकथा, संवाद, संकलन आणि ध्वनी यांपुढची नावं वाचा आणि त्यांचं आधीचं काम शोधा. नव्या दिग्दर्शकाबरोबर अनुभवी संकलक असेल, तर चित्रपट विस्कळीत होण्याची भीती कमी. पटकथेपुढे चार-पाच नावं असतील तर अपेक्षा जरा खाली आणा. व्ह्यूजच्या आकड्याकडे बघूच नका, कारण ट्रेलर जाहिरात म्हणूनही दाखवला जातो आणि ते बघणंही त्यात मोजलं जातं. तिकिटाच्या ॲपवर ‘बघायची इच्छा आहे’ म्हणणाऱ्यांच्या संख्येचंही तसंच. त्या बटणाला पैसे पडत नाहीत.

प्रमाणपत्र आणि लांबी

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात नोव्हेंबर २०२४ पासून यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे, तीन भाग झाले आहेत: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांसाठी सल्ला आहेत. यूए १६+ चित्रपटाला बारा वर्षांच्या मुलाला आईवडील नेऊ शकतात, निर्णय त्यांचा. ‘ए’ मात्र सक्त असतं. अठराखालच्या मुलाला आईवडिलांसोबतही आत सोडत नाहीत आणि दारावर ओळखपत्र मागतात. घरचे सगळे निघणार असाल, तर तिकिटं काढण्याआधी हे बघा, नाहीतर दारातून परत यावं लागतं.

लांबी ॲपवर लिहिलेली असते. तिच्यात जाहिरातींची साधारण १५ मिनिटं आणि मध्यंतराची १० ते १५ मिनिटं मिळवा. सव्वादोन तासांचा चित्रपट म्हणजे पावणेतीन तास. शेवटची लोकल किंवा बस याच हिशेबाने ठरवा.

बुकिंग

शुक्रवारचं बुकिंग बहुधा बुधवारी-गुरुवारी उघडतं. शोधताना चित्रपटाच्या नावाबरोबर भाषा ‘मराठी’ लावा, कारण दोन भाषांत येणाऱ्या चित्रपटांचे शो वेगवेगळे असतात आणि घाईत हिंदीचं तिकीट निघतं. आपल्या शहरात शो नसेल तर शेजारचं शहर निवडून बघा. गोव्यात पणजीबरोबर पर्वरी आणि मडगावही तपासा. महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात असाल तर ॲपच्या आधी तिथल्या महाराष्ट्र मंडळाकडे चौकशी करा. पुष्कळदा एखाद्या रविवारचा एकच शो ठरवलेला असतो आणि त्याची तिकिटं मंडळाकडेच मिळतात.

इथे एक चूक हमखास होते. सगळे ‘जाऊन काउंटरवर काढू’ म्हणतात, शोला आगाऊ बुकिंग शून्य दिसतं आणि मल्टिप्लेक्स तो शो रद्द करतं. मग काउंटरवर पोचलेल्या वीस जणांना परत जावं लागतं. जायचं नक्की असेल तर आदल्या रात्री तिकीट काढा. निदान दोन तिकिटं काढलेली दिसली, तरी तो शो टिकायला मदत होते.

मंगळवारच्या स्वस्त तिकिटांचा मोह मराठीसाठी जरा आवरा. सोमवारच्या हिशेबात मंगळवारची गर्दी धरली जात नाही. ज्याला भरपूर शो मिळालेत, असा चित्रपट खुशाल मंगळवारी बघा.

खुर्ची घेताना पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचे तीन भाग करा आणि दोन भाग सोडून मधोमध बसा. आवाजाचा समतोल साधारण त्याच जागेसाठी साधलेला असतो. ‘जारण’सारख्या भीतीच्या चित्रपटात, जिथे मागून-बाजूने येणाऱ्या आवाजावर बरंच अवलंबून असतं, तिथे ही जागा सोडूच नका. भिंतीलगतच्या खुर्चीत एकाच बाजूचा स्पीकर कानात वाजत राहतो.

थिएटरात काय बिघडतं

‘संवाद कळत नाहीत’ ही मराठी चित्रपटांबद्दलची सर्वांत मोठी तक्रार, आणि बऱ्याचदा दोष चित्रपटाचा नसतो. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण डॉल्बीच्या प्रमाण पातळीला, म्हणजे फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) ७ वर ठेवून ऐकून केलेलं असतं. थिएटरं मात्र आधीच्या एखाद्या कर्कश चित्रपटामुळे तो ४.५-५ पर्यंत खाली आणतात आणि तसाच ठेवतात. मग हळू आवाजातला प्रसंग ऐकूच येत नाही. दुसरी शक्यता ओळखायला सोपी आहे. गाणी खणखणीत पण बोलणं गोधडीत गुंडाळल्यासारखं वाटत असेल, तर पडद्यामागचा मधला स्पीकर बिघडलाय, कारण बहुतेक सगळे संवाद त्याच्यातूनच येतात.

चित्र मळकट, संध्याकाळसारखं दिसत असेल तर प्रोजेक्टरचा दिवा जुना झालाय, किंवा थ्रीडीची भिंग पुढून काढायची राहिली आहे. माणसांची डोकी कापली जात असतील किंवा खालच्या उपशीर्षकांची ओळ पडद्याबाहेर जात असेल, तर चित्राचं माप चुकीचं लावलंय.

पहिल्या दहा मिनिटांत उठून ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि नेमकं सांगा: ‘फेडर वाढवा’, ‘मधला स्पीकर तपासा’, ‘चित्राचं माप चुकलंय’. नुसतं ‘आवाज नीट नाही’ म्हटलं तर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. मध्यंतरानंतर सांगून उपयोग नसतो, अर्धा चित्रपट गेलेला असतो. ‘दशावतार’मधलं कोकणातलं रान आणि रात्रीचे प्रसंग किंवा ‘साबर बोंडं’मधली माळरानाची उघडी दुपार मंद दिव्यात बघणं म्हणजे छायाचित्रकाराची मेहनत पाण्यात घालणं. रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो चित्रपट संथ आहे, त्यात बघत राहणं हाच आनंद आहे, आणि म्हणूनच खराब पडद्यावर त्याचं सर्वाधिक नुकसान होतं.

कमाईचे आकडे

सोमवारी पोस्टर येतं: ‘तीन दिवसांत अमुक कोटी’. हा आकडा बहुधा ग्रॉस, म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून गेलेले सगळे पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. तिकीट २३६ रुपयांचं असेल तर ३६ रुपये कराचे आणि २०० रुपये नेट. मल्टिप्लेक्सबरोबरच्या रूढ वाटणीत पहिल्या आठवड्यात त्यातला अर्धा वितरकाकडे जातो, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे सगळी तिकिटं महाग धरली, तर १० कोटी ग्रॉसचे नेट साधारण ८.४७ कोटी आणि पहिल्या आठवड्याचा वाटा जेमतेम सव्वाचार कोटी. त्यातून प्रसिद्धीचा खर्च आणि वितरकाचं कमिशन गेल्यावर निर्मात्याच्या हाती पडतं ते त्याचं. पहिल्या आठवड्यातलं तिकीट निर्मात्याला जास्त का पावतं, तेही इथेच दिसतं.

चित्रपट चाललाय का, हे बघायला कोटींची गरज नाही. शुक्रवार आणि सोमवार या दोन दिवसांची तुलना करा. सोमवारचा गल्ला शुक्रवारइतका किंवा जास्त असेल, तर लोक एकमेकांना सांगताहेत. निम्म्याखाली गेला, तर फक्त सुट्टीची गर्दी होती. स्वतः पडताळायचं असेल तर सोमवारी संध्याकाळच्या शोच्या तासभर आधी चार-पाच थिएटरांचे आसननकाशे उघडा. दादरचं प्लाझा किंवा कोथरूडचं सिटीप्राइड अशा मराठी प्रेक्षकाच्या ठिकाणी गर्दी असतेच, म्हणून ठाण्यापलीकडचं किंवा हिंजवडीकडचं एखादं थिएटरही धरा. काही थिएटरं ठरावीक खुर्च्या राखून ठेवतात, त्या विकलेल्यांसारख्याच दिसतात. दोन शोंमध्ये नेमक्या त्याच खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर त्या वजा करा.

मत लिहायचं तर

त्याच रात्री लिहा, दोन-अडीचशे शब्दांत. मध्यंतरानंतरची एकही घटना सांगू नका. ‘पूर्वार्ध लांबला’ असं मोघम न लिहिता कुठला धागा लांबला ते लिहा: नायकाच्या मित्राचं उपकथानक, तिसरं गाणं, जे असेल ते. थिएटरचा दोष आणि चित्रपटाचा दोष वेगळे ठेवा. तारे द्यायचे असतील तर द्या, पण त्याआधी हा चित्रपट कुणाबरोबर बघावा हे सांगा, कारण आईवडिलांना घेऊन जाऊ का, हाच वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. आणि शेवटच्या ओळीत कुठल्या थिएटरात, किती वाजताचा शो अजून सुरू आहे, तेवढं न विसरता टाका.