कानाच्या नसेवर गाठ असताना विमानप्रवास आणि लडाख: या चुका टाळा

अकॉस्टिक न्यूरोमाचं, म्हणजे कानाच्या नसेवरच्या गाठीचं, निदान झालं की घरात एक प्रश्न हमखास निघतो: आता विमानात बसायचं का? अमेरिकेतल्या लेकीकडे जायचं तिकीट काढून झालेलं असतं आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "हवेच्या दाबाने गाठ फुटेल." ही भीती निराधार आहे. वाईट हे की तिच्या नादात, खरंच जपायला हवं ते राहून जातं.

ही गाठ कर्करोगाची नसते. ऐकण्या-तोलाच्या नसेच्या आवरणातल्या पेशींपासून ती बनते, वाढली तरी बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि कित्येकांची वर्षानुवर्षं आहे तेवढीच राहते. ती भरीव असते आणि तिच्याभोवती हाड आणि पाणी असतं. दाब उतरला की फुगते ती हवा, आणि हवा तिथे नसतेच. शिवाय विमान ३५,००० फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. कानाला दडे बसतात ते पडद्यामागच्या हवेमुळे, आणि ते शेजारच्या धडधाकट प्रवाशालाही बसतात.

"दडा बसलाय, सुटेल"

उतरल्यावर एका कानाने कमी ऐकू येतंय आणि दोन-तीन दिवसांतही सुटत नाही, तर तेल घालत बसू नका. या गाठीत ऐकणं अचानकही जाऊ शकतं. स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, म्हणून लगेच कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. गाठीचं निदान अजून झालेलं नसेल आणि एकाच कानाचं ऐकणं गेलं असेल, तर एमआरआयबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा.

शस्त्रक्रियेनंतर घाईने तिकीट काढणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आत थोडी हवा अडकून राहते. ८,००० फुटांच्या दाबाला ती साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि कवटीत तिला पसरायला जागा नसते. मुंबईत ऑपरेशन करून लगेच नागपूरला विमानाने परतायचं असेल, तर "टाके काढलेत" एवढ्यावर निघू नका. हवा शोषली गेली आहे हे स्कॅनवर पाहिलं का, हे सर्जनना विचारा आणि प्रवासास योग्य असल्याचं पत्र हातात घ्या.

पुढे वाकल्यावर नाकाच्या एकाच बाजूने पाण्यासारखं स्वच्छ थेंब-थेंब गळतंय, घशात खारट लागतंय, सकाळी उशी ओली दिसतेय, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं. अशा वेळी प्रवास रद्द करून रुग्णालय गाठा. नाक दाबून जोराने हवा कानात ढकलण्याची सवयही सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. आवंढा गिळा, जांभई द्या, गोळी चघळा.

गॅमा नाइफमध्ये, म्हणजे गाठीवर नेमके किरण सोडण्याच्या उपचारात, कवटी उघडत नाहीत, त्यामुळे हवेचा प्रश्न येत नाही. तरीही निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

लडाखला विमानासारखंच समजणं

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर (सुमारे ५,४०० फूट), म्हणजे केबिनच्या उंचीपेक्षाही कमी. तिथे काळजी लोखंडी शिड्यांवर तोल जाण्याची, विरळ हवेची नाही. लेह ३,५०० मीटरवर (सुमारे ११,५०० फूट) आहे आणि दिल्लीहून विमानाने दीड तासाच्या आत आपण तिथे उतरतो, शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. हेलिकॉप्टरने केदारनाथ गाठणाऱ्यांचंही तेच.

विरळ हवा लागली की डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. मेंदूला सूज येऊ लागली की चालताना झोक जातो. आता गाठीची लक्षणं आठवा: चक्कर आणि झोक जाणं. "हे माझं नेहमीचंच" म्हणून माणूस पडून राहतो आणि तेवढ्यात खाली उतरण्याची वेळ टळते. म्हणून निघण्यापूर्वी घरीच फरशीच्या रेषेवर, बोटांना टाच टेकवत दहा पावलं चालून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. लेहमध्ये रोज सकाळी सोबत्याने तेच करायला लावायचं आणि तुलना करायची. चाल बिघडलेली दिसली तर वाद न घालता खाली उतरा. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स गोळीने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तो गोळीचा परिणाम असू शकतो, पण चेहऱ्याच्या एकाच बाजूला बधिरपणा आला तर गोळीवर ढकलू नका.

गाठ मोठी असून मेंदूच्या देठावर दाबत असेल किंवा मेंदूत पाणी साठलं असेल, तर माझं स्पष्ट मत: न्यूरोसर्जनच्या होकाराशिवाय लडाख नको. पँगाँग कुठे पळून जात नाही.

आणखी एक, अंधार. एका बाजूची तोलाची नस गेली की माणूस डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर उभा असतो. रात्री दोन वाजता तंबूतून दगडगोट्यांवरून शौचालयाकडे जाताना यातलं काहीच उपयोगी पडत नाही. कपाळावरचा टॉर्च, हातात काठी, आणि सोबतीला कुणीतरी.

आसन आणि डोळा

उजवा कान गेला असेल तर उजव्या बाजूची खिडकी घ्या, डावा गेला असेल तर डावी. चांगला कान माणसांकडे राहतो. एअर होस्टेसला आधीच सांगून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर पापणी पूर्ण मिटत नसेल, तर केबिनच्या कोरड्या हवेत थेंब वारंवार घाला, झोपताना जेल लावून पापणीवर पट्टी चिकटवा. लडाखच्या वाऱ्या-धुळीत बाजूने बंद गॉगल हवा. गालाला बधिरपणा असेल तर बुबुळाला इजा होऊनही डोळा दुखेलच असं नाही. म्हणून दिवसातून दोनदा आरशात बघा, आणि लाली दिसली की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.