पतसंस्थेच्या ऑडिटला जाण्याआधी: बँकेचं पत्र बँकेकडूनच मागवा

नेमणुकीचा ठराव, सहकार खात्याच्या ऑडिटर पॅनेलवरचं नाव, कामाच्या अटींचं पत्र हे सगळेच बघतात. आधीच्या ऑडिटरना पाठवलेल्या पत्राची पोच मात्र जपून ठेवा. आधीच्या सीएंना लेखी न कळवता काम स्वीकारणं 1949च्या सीए कायद्यानुसार गैरवर्तन ठरतं, आणि ‘फोनवर बोललो होतो’ हे तिथे चालत नाही. त्या संस्थेत आपलं किंवा घरच्या कुणाचं कर्ज असेल तर काम घेऊच नका.

आता बँकेची पत्रं, म्हणजे संस्थेच्या शिलकेची आणि कर्जाची खात्री थेट बँकेकडून मागणारी. ही पहिल्या आठवड्यातच गेली पाहिजेत, कारण शाखा उत्तर द्यायला वेळ लावतात आणि ऑडिट पुरं करायची 31 जुलैची मुदत थांबत नाही. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, सह्या त्यांच्या अधिकृत सहीदारांच्या. पण पाकीट आपण बंद करायचं, स्पीड पोस्टाला आपण टाकायचं, आणि उत्तराचा पत्ता आपल्या ऑफिसचा. शाखेचा पत्तासुद्धा व्यवस्थापकाकडून घेऊ नका, स्वतः शोधा. ‘द्या साहेब, आमचा शिपाई आजच नेऊन देतो’ असं म्हणतील. देऊ नका.

माझ्याकडून हेच राहिलं होतं. व्यवस्थापकाने मुदत ठेव पावत्यांच्या झेरॉक्स एका फोल्डरमध्ये नीट लावून दिल्या. रकमा ताळेबंदाशी जुळल्या, मी टिक करून पुढे गेलो. पावत्या खऱ्याच होत्या. पण त्या तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट उचललेला होता आणि तो संस्थेच्या वह्यांत कुठेच नव्हता. पत्र गेलं असतं तर बँकेने एका ओळीत सांगितलं असतं. माझी सही बघून लोकांनी तिथे पैसे ठेवले, आणि पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमा संरक्षण नसतं.

म्हणून पत्रात फक्त शिल्लक विचारू नका. 31 मार्चची शिल्लक, प्रत्येक पावतीचा नंबर आणि मुदत, पावतीवर बोजा आहे का, कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट किती, हमी दिली आहे का, वर्षात कोणती खाती बंद झाली, हे सगळं विचारा. मूळ पावत्या बघायला मागा. झेरॉक्स हा पुरावा नव्हे. सत्यम कॉम्प्युटर्सचं काय झालं ते आठवा. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच कबूल केलं की दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकेतले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. तिथेही बँकांची पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं कंपनीच्याच हाती सोडलं होतं. एसए 505 हे ऑडिटचं मानक हेच सांगतं: पाठवण्यापासून उत्तर येईपर्यंत ताबा ऑडिटरचा.

पहिल्या दिवशी कुलूप उघडताच रोख मोजा, चहा नंतर. सोनेतारणाच्या काही पिशव्या सील तपासून उघडून वजन करून घ्या, पण ज्या सराफाने मूळ मूल्यांकन केलं त्याच्याकडून नको. पिग्मीत गडबड एजंट आणि खतावणी यांच्या मधे होते. काही खातेदारांची पासबुकं मागवा आणि शिलकेची खात्रीपत्रं त्यांनाही थेट पाठवा, एजंटच्या हाती नाही. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांची कर्जं वेगळी काढा. मार्चच्या शेवटी भरलेला आणि एप्रिलमध्ये नव्या कर्जाने परत गेलेला हप्ता ही वसुली नाही, एनपीएची (थकीत कर्जाची) तरतूद त्याप्रमाणे लावा.

गेल्या वर्षीचा दोषदुरुस्ती अहवाल, नमुना ओ, वाचा.

अपहार दिसला तर चेअरमनशी ‘समजुतीने’ बोलत बसू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 81 खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांना विनिर्दिष्ट (स्पेसिफिक) अहवाल ऑडिट अहवाल दिल्यापासून 15 दिवसांत द्यावा लागतो, आणि त्यांच्या लेखी परवानगीने गुन्हाही ऑडिटरलाच नोंदवावा लागतो.

मग व्यवस्थापनाकडून लेखी निवेदन घ्या, यूडीआयएन (सीएच्या सहीच्या प्रत्येक कागदाचा ऑनलाइन क्रमांक) काढा, 60 दिवसांत फाइल पुरी करा, सात वर्षं ठेवा. फाइलच्या पहिल्या पानावर प्रत्येक बँक खात्यापुढे दोन तारखा: पत्र गेलं कधी, उत्तर थेट आपल्याकडे आलं कधी. दुसरा रकाना रिकामा असेल तर स्वतः शाखेत जा. तोवर अहवालावर सही करू नका.