माचू पिचूला पायी जायचंय? आधी कॅलेंडर काढा

इंका ट्रेलला, म्हणजे पेरूतल्या माचू पिचूला जाणाऱ्या जुन्या पायवाटेला, जायचं ठरलं की आपल्या नागपुरातले लोक आधी बर्डीवर जाऊन बूट बघतात. बूट लागतीलच, पण पहिलं काम परवान्याचं. या वाटेवर दिवसाला एकूण 500 माणसांनाच सोडतात आणि त्यात गाईड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे आले. चालायला आलेल्यांच्या वाट्याला त्यातल्या साधारण 200 जागा येतात. परवाना आपला आपण काढता येत नाही, मान्यता असलेल्या कंपनीमार्फतच मिळतो, आणि गाईडशिवाय वाटेवर पाऊल टाकू देत नाहीत. मे ते सप्टेंबर हा तिकडचा कोरडा हंगाम. त्यातल्या जून-जुलैच्या तारखा कितीतरी महिने आधी संपतात. फेब्रुवारीत वाट बंदच असते. तेव्हा पुढच्या जूनमध्ये जायचं असेल, तर आदल्या दिवाळीच्या सुमारास बुकिंगच्या मागे लागा.

परवाना पासपोर्ट नंबरवर निघतो आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून बुकिंगच्या आधी पासपोर्टची मुदत बघा. संपत आली असेल तर आधी नवा काढा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं द्या. आपण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी लिहितो, कधी गाळतो. वाट सुरू होते तिथल्या किलोमीटर 82 च्या चौकीवर परवाना आणि मूळ पासपोर्ट शेजारी ठेवून तपासतात, तिथे ही सवय नडू शकते.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीत अर्ज करावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून खात्री करा. वाटेत विमान जिथे बदलतं, तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचंही त्याच वेळी बघा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यायची. पेरूहून परतणाऱ्यांकडे भारत या लशीचं प्रमाणपत्र (पिवळं कार्ड) मागतो. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर लशीआधी डॉक्टरांना सांगा.

आता खरी गोष्ट. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर. ट्रेकआधी मुक्काम असतो ते कुस्को शहर 3,400 वर. आणि वाटेतली सर्वांत उंच खिंड, वार्मिवान्युस्का, 4,215 मीटर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के असतो. या हवेचा सराव नागपुरात होत नाही आणि पचमढीलाही होत नाही. धूपगड झाला तरी साडेतेराशे मीटरच. रोज जिमला जाणाऱ्या तरुणालाही उंची लागते आणि त्याच्या आईला लागत नाही, असं होऊ शकतं. दमसास चांगला असला म्हणून विरळ हवा कुणाला सूट देत नाही. शरीराला त्यासाठी फक्त दिवस हवे असतात. म्हणून माझ्या यादीत सर्वांत वर बूट नाहीत, जॅकेट नाही, मोकळे दिवस आहेत.

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमान दीड तासाच्या आत तुम्हाला थेट कुस्कोत, 3,400 मीटरवर उतरवतं. उतरल्यावर त्याच दिवशी गाडीने खाली पवित्र दरीत जावं. उरुबांबा, ओयांतायतांबो ही गावं 2,800-2,900 मीटरच्या आसपास आहेत. तिथे दोन रात्री, मग कुस्कोत दोन रात्री आणि त्यानंतर ट्रेक. हे दिवस वाया जात नाहीत. ओयांतायतांबोची गढी, पिसाकचे डोंगरावरचे पायऱ्या-पायऱ्यांचे मळे, कुस्कोच्या डोक्यावरचं साक्सायवामान, सगळं याच दिवसांत बघून होतं. दिवसा वर चढायचं आणि झोपायला खाली यायचं, हा उंचीचा जुना नियमही त्यात आपोआप पाळला जातो. ऑफिसातून सुट्टी कमी मिळाली की लोक नेमके हेच दिवस कापतात. तसं करू नका. लिमातला मुक्काम कापा, खरेदी कापा, हे चार दिवस ठेवा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंची लागल्याची लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही आणि गाईडपासून काही लपवायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न बघता खाली उतरायचं. उंची लागू नये म्हणून देतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधीच सांगा.

पायांचा सराव मात्र इथे उत्तम होतो. वाट चार दिवसांची, सुमारे 42 किलोमीटरची. दुसऱ्या दिवशी जवळपास 1,200 मीटरचा चढ आहे. पण माणूस मोडतो तो उतारावर. खिंडीपलीकडे सुरू होतात त्या दगडी पायऱ्या, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, आणि तिसऱ्या दिवशी त्या संपता संपत नाहीत. त्यामुळे सेमिनरी हिल्स आणि फुटाळ्याच्या फेऱ्या ही नुसती सुरुवात. रविवारी रामटेक गाठा आणि पाठीवर पाच-सहा किलो घेऊन गडाच्या पायऱ्या चढा-उतरा, पुन्हा चढा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लिफ्ट सोडा. जमल्यास पचमढीला चौरागडही करून या. जूनचा ट्रेक म्हणजे सराव भर उन्हाळ्यात येतो, म्हणून रोजच्या फेरीला पहाटे पाचला निघून सातच्या आत घरी. उतरताना पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, काठी आधी खालच्या पायरीवर आणि मग पाय. ही सवय रामटेकलाच लावून घ्या. पायाची नखं निघण्याआधी कापा, नाहीतर उतारावर बुटात आपटून काळी पडतात.

बूट संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, जाड मोजे घालूनच. सरावाचे सगळे दिवस तेच वापरा आणि विमानातही तेच पायात ठेवा. सामान हरवलं तर बाकी सगळं कुस्कोत विकत मिळेल, पायाला सरावलेले बूट मिळणार नाहीत. काठीच्या टोकाला रबर हवंच. लोखंडी टोकाने पायऱ्यांचे दगड झिजतात, म्हणून तसं नेऊ देत नाहीत.

पोर्टरने 20 किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही असा तिथे नियम आहे, आणि तो मनापासून पाळावा असा आहे. तंबू, गॅस, भांडी सगळं त्याच्याच पाठीवर असतं. बहुतेक कंपन्या तुमच्या वाट्याला स्लीपिंग बॅग धरून सात किलोच्या आसपास देतात. घरीच वजन करा. आपल्या पाठीवर दोन लिटर पाणी, पोंचो, गरम जॅकेट, हेडटॉर्च, औषधं, पासपोर्ट. वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. रात्री पारा शून्याजवळ जातो, नागपूरच्या डिसेंबरातला स्वेटर पुरणार नाही. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर जॅकेट. सुती बनियन नको, घामाने भिजला की वाळत नाही. उन्हाळ्यात गाडीवर बांधतो तो दुपट्टा मात्र जरूर घ्या, वरचं ऊन फार कडक. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी लवकर उतरते.

शाकाहारी असाल तर कंपनीला नीट लिहा: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, मांसाच्या पाण्यात केलेलं सूपही नाही. बटाटा, मका, किन्वा तिथे भरपूर. सोबत पाकीटबंद चिवडा ठेवा.

निघण्याआधी दोन-चार संध्याकाळी वाटेवरच्या अवशेषांबद्दल वाचा. रुंकुराकाय, सायाक्मार्का, फुयुपातामार्का, विन्याय वायना ही ठिकाणं माचू पिचूच्या आधी लागतात, आणि तिथे गाडी किंवा रेल्वे पोचत नाही. पंधराव्या शतकातल्या इंकांनी दगडाला दगड कसा बसवला, हे जवळून बघायचं असेल तर तिथे थांबा. माचू पिचूत आत नेण्याची बॅग 40 × 35 × 20 सेंटिमीटरच्या आतली लागते. ड्रोन नेऊच नका.

पोर्टर-स्वयंपाक्यांच्या बक्षिसीसाठी सोलच्या (पेरूच्या चलनाच्या) सुट्या नोटा कुस्कोतच काढून ठेवा. विमा घेताना 4,200 मीटरच्या वरचं ट्रेकिंग त्यात धरलंय का, हे वाचूनच सही करा. परतताना पीतज्वराचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. कोकाच्या पानांचा चहा तिथे जागोजागी देतात, तो तिथेच प्या. आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली कोकाचं पान बाळगणं गुन्हा आहे, म्हणून सामान बांधताना जॅकेटचे खिसेसुद्धा झटकून बघा.