कापडी टपाची गाडी पावसाळ्यात उभी ठेवताना या चुका टाळा

थंड देशांत उघड्या टपाच्या गाड्या बर्फापासून आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून वाचवण्यासाठी हिवाळाभर झाकून ठेवतात. पुण्यात मात्र टप उघडून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाण्याचा खरा हंगाम हिवाळाच असल्यामुळे आपल्याकडे गाडीची ही विश्रांती जूनमध्ये सुरू होते आणि दसऱ्याच्या सुमारास संपते. शहरात पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, म्हणून अनेक मालक निर्धास्त असतात. परंतु गाडीचे नुकसान सरींपेक्षा महिनोन्महिने न हटणारी ओल अधिक करते, आणि आपल्या बहुतेक चुका ही ओल गाडीतच कोंडून ठेवण्याच्या असतात.

ओला टप मिटून ठेवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. ताम्हिणीहून परतताना भिजलेला टप ‘उद्या वाळवू’ म्हणून तसाच दुमडून ठेवला. तो ‘उद्या’ तीन आठवड्यांनी उजाडला, तेव्हा आतल्या अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते आणि मागच्या प्लास्टिकच्या काचेवर उमटलेली घडी आजतागायत गेलेली नाही. टप सौम्य शाम्पूने व मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण दिवसभर उन्हात वाळवून, ताणून बंद केलेल्या अवस्थेतच ठेवावा. कापडाला चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल किंवा डागांसाठी पेट्रोल लावण्याचा मोह टाळावा, कारण तेलावर धूळ बसते आणि पेट्रोलने कापडावरचा जलरोधक थर व शिवणी दोन्ही खराब होतात. रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. चेन अडकत असेल तर तिच्या दातांवर साधी मेणबत्ती घासली तरी काम भागते.

टपाच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतील, तर त्या आधी तपासाव्यात. वर्षावृक्षाखाली गाडी लावणाऱ्यांच्या नळ्या त्याच्या बारीक पानांनी तुंबतात, पाणी आत उतरते आणि गालिच्याखाली साचते. मालकाला ते कुबट वास सुटल्यावरच कळते.

दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करणे

हा सल्ला प्रत्येक सोसायटीत कोणीतरी देतोच. जागेवर दहा मिनिटे चाललेले इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये राहून जाते, आणि स्टार्टरने बॅटरीतून घेतलेला भारही अनेकदा पूर्ण भरून निघत नाही. गाडी एकतर आठवड्यातून अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी, नाहीतर अजिबात सुरू करू नये.

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि सेंट्रल लॉक थोडी वीज खातच असतात. ही गळती 30 मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला 0.72 अँपिअर-अवर आणि 60 दिवसांत सुमारे 43 अँपिअर-अवर खर्च होतात; 60 अँपिअर-अवरच्या बॅटरीत मग फारसे काही उरत नाही, आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. म्हणून ऋण टर्मिनल काढून ठेवावे आणि महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावावा. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर काळजी नाही; तो 12.4 च्या खाली गेला की बॅटरी चार्ज करून घ्यावी.

जागा, चाके आणि उंदीर

नदी-ओढ्यालगतच्या तळघरात गाडी ठेवणे हा पुण्यातला वेगळाच धोका आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा उभ्या असलेल्या गाड्यांचे काय झाले, हे पुणेकरांनी पाहिले आहे. गाडी वापरात नाही म्हणून विमा संपू देणेही त्यामुळेच शहाणपणाचे नाही.

हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण लायनर गंजून ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय जास्त भरावी, मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषते, म्हणून टाकी जवळजवळ भरलेली असावी. प्लास्टिकचे आवरण आत बाष्प धरते. हवा खेळणारे कापडी आवरणच वापरावे. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या ठेवतात, पण माझा भरवसा पिंजऱ्यावर आणि गाडीत खाण्याचा कणही न ठेवण्यावर आहे.

गाडी पुन्हा सुरू करताना

दसऱ्याच्या सकाळी मेकॅनिक मिळत नाही, म्हणून घटस्थापनेलाच बॉनेट उघडावे. किल्ली फिरवण्यापूर्वी एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे घरटे नाही ना, वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, ऑइल व कूलंटची पातळी ठीक आहे ना आणि गाडीखाली ओघळ नाही ना, हे पाहावे. बॅटरी जोडताना आधी धन टर्मिनल, मग ऋण. इंजेक्शनची गाडी असल्यास किल्ली दोन-तीन वेळा ‘ऑन’ करून थांबावे, म्हणजे पंप पेट्रोलचा दाब तयार करतो.

इंजिन सुरू झाले तरी गाडी हलत नसेल, तर ॲक्सिलरेटर दाबून जबरदस्ती करू नये. पहिला गिअर आणि रिव्हर्स यांत हळूहळू पुढे-मागे केल्यास चिकटलेले लायनर बहुधा सुटतात. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, आणि ते काम गॅरेजवाल्याकडेच सोपवावे. पहिल्या काही ब्रेकला होणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते व ती लवकर जाते. परंतु पेडल मऊ लागले, तर गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर काढू नये. टायर चपटे झाल्यामुळे जाणवणारी थरथर आठ-दहा किलोमीटरनंतरही टिकली, तर टायर तपासून घ्यावेत. पीयूसीची तारीखही त्याच दिवशी पाहावी.

पूजेच्या वेळी हळद-कुंकू बॉनेटवर वाहावे, कापडी टपावर नव्हे, कारण हळदीचा डाग त्या विणीतून निघत नाही. झेंडूची माळही ग्रिललाच बांधावी.