पीएचडीचा अर्ज भरण्याआधी

इंटरनेट गव्हर्नन्समध्ये, म्हणजे इंटरनेट कोण आणि कोणत्या नियमांनी चालवतं या विषयात, पीएचडी करून पुढे शिकवायचं मनात असेल, तर यंदाचा पावसाळा तयारीला द्या आणि अर्जाला चतुर्थीनंतर हात घाला.

आधी प्रश्न पक्का करा. ‘डिजिटल विषमता’ असं लिहून भागत नाही, तो फार तर प्रकरणाचा मथळा झाला. टाळेबंदीत गोव्यातल्या सांग्याकडची मुलं रेंजसाठी डोंगर चढून ऑनलाइन तासाला बसत होती. त्या वाड्यावर टॉवर का नव्हता, हा खरा प्रश्न. तो धरून चाललात की दिल्लीपर्यंत पोचता: गावांत सेवा पोचवण्यासाठी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून वेगळा निधी काढला जातो, २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळालं. परत गावात आलात की टॉवर नको म्हणणारी ग्रामसभा भेटते. लोकांना किरणोत्सर्गाची भीती वाटते, ती हसण्यावारी नेऊ नका. ग्रामसभेचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची, तेव्हा हा माहितीचा अर्ज जूनमध्येच टाका.

तोवर पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बसून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचा. बातमीवरून नाही, मूळ आणि पूर्ण. श्रेया सिंघल (२०१५) ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम ६६ए साठी, पुट्टास्वामी (२०१७) खाजगीपणासाठी, पण सुरुवात अनुराधा भसीनपासून (२०२०) करा. इंटरनेट बंदीचा आदेश सरकारने प्रसिद्ध केलाच पाहिजे, हे त्यात न्यायालयाने सांगितलं. प्रत्येक निकालाच्या समासात लिहा, न्यायालयाने काय ठरवलं आणि काय ठरवायचं टाळलं. प्रबंधाला जागा मिळते ती या दुसऱ्या ओळीत.

कायदा, राज्यशास्त्र शिकलेली मुलं डीएनएसला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेला, बिचकतात. बिचकू नका, आठवडाभर त्याच्याशी झटापट करा. ‘.भारत’ हे आपण देवनागरीत लिहितो, पण डीएनएसमध्ये ते ‘एक्सएन’, दोन हायफन आणि ‘एच२बीआरजे९सी’ असं रोमन अक्षरांत जातं. कागदावर हे एकदा स्वतः उतरवून पाहा. मग देवनागरीतला ईमेल पत्ता अनेक फॉर्म का नाकारतात, ते कळेल. मराठी-कोंकणी लिहिणाऱ्या आपल्यासाठी हा जिवंत विषय आहे, आणि त्यावर काम करणारी माणसं फार कमी आहेत.

नेट परीक्षेची तारीख, पदव्युत्तरचे ५५ टक्के, शिफारसपत्रं हे सगळं एका दिवसात तपासून होतं. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या फेलोशिपवर मात्र लक्ष ठेवा, प्रवासखर्च मिळतो. गिगानेट ही या क्षेत्रातल्या संशोधकांची संघटना. तिथल्या निबंधांची शीर्षकं चाळलीत तरी कोण कशावर काम करतंय ते समजतं.

शेवटी प्रस्ताव दोन पानांत, मराठीत लिहा आणि ज्या पंचायतीकडून इतिवृत्त मागवलंत तिथल्या एखाद्या पंचाला वाचायला द्या. ते वाचत असताना समोर बसा. जिथे ते थांबतील, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तो परिच्छेद त्याच रात्री पुन्हा लिहा.